गाडीतली पूररेषा

महाराष्ट्रातल्या नद्यांच्या काठी जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर चढतं, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. कुठे घर बांधावं आणि कुठे बांधू नये, हे या रेषांवरून ठरतं. पण प्रत्यक्ष पूर येतो तेव्हा तो स्वतःच्या रेषा स्वतः ओढतो. त्या भिंतींवर उमटतात, कपाटांच्या पाठींवर उमटतात आणि दारात उभ्या असलेल्या गाडीच्या आतही उमटतात. भिंतीला रंग दिला की तिथली रेषा बुजते. गाडीतली रेषा बुजवणं फार अवघड असतं, कारण ती सीटच्या नटबोल्टांवर, पट्ट्यांच्या गुंडाळीत, दाराच्या पोकळीत आणि वायरिंगच्या कपलरमध्ये तुकड्यातुकड्याने राहिलेली असते. तिथवर पोचायचं तर गाडी पूर्ण खोलावी लागते, आणि विकायला काढलेल्या गाडीवर एवढा खर्च सहसा कोणी करत नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याला म्हणूनच एक संधी असते. हे तुकडे शोधायचे आणि ते एकाच उंचीवर येतात का, ते पाहायचं. या प्रकरणात हीच रीत समजून घेऊ.

पुरातली गाडी बाजारात येते कशी

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, ऑगस्ट २०१८ मध्ये केरळ. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेचं पाणी सांगली-कोल्हापुरात कित्येक दिवस तुंबून राहिलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणची बाजारपेठ गिळली. २५ जुलै २०२४ ला पुण्यात मुठेचं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत घुसलं. अशा प्रत्येक पुरात रस्त्यांवर, अंगणांत आणि इमारतींच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या पाण्याखाली गेल्या.

पुढे या गाड्यांचं काय होतं, हे मुख्यतः विम्यावर ठरतं. मालकाकडे फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही. तो जमेल तशी दुरुस्ती करून घेतो आणि अनेकदा गाडी विकायला काढतो. सर्वसमावेशक पॉलिसी असेल, तर सर्व्हेअर येऊन अंदाज काढतो. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांपेक्षा जास्त होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला भरपाई मिळते आणि ती गाडी भंगाराच्या हिशेबाने लिलावात जाते.

खरी गोम इथे आहे. भंगार म्हणून विकत घेतलेली गाडी तोडली, तिचे सुटे भाग विकले, तर हरकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ नुसार कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायची असते, म्हणजे तिची नोंदणी रद्द होते. पण गाडी आरसीसकट विकली गेली आणि नोंदणी चालूच राहिली, तर स्वस्तात डागडुजी करून, आतून धुऊन-पुसून आणि बाहेरून पॉलिश मारून ती पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. अमेरिकेत अशा गाडीच्या मालकी कागदावर पूरग्रस्त किंवा भंगार असा शिक्का मारण्याची पद्धत आहे. आपल्या आरसीवर पुराची नोंद करायला रकानाच नाही. कागद स्वच्छ राहतो, त्यामुळे तपासणीचा सगळा भार घेणाऱ्याच्या डोळ्यांवर आणि नाकावर येतो.

अशी गाडी ज्या गावात बुडाली तिथे सहसा विकली जात नाही. गल्लीतल्या प्रत्येकाने ती पाण्यात पाहिलेली असते. ती दुसऱ्या जिल्ह्यात जाते, दुसऱ्या राज्यात जाते, जिथे तो पूर ही फक्त टीव्हीवरची बातमी होती.

“इंजिन एकदम ओके आहे”

विकणारा पहिल्यांदा गाडी चालू करून दाखवतो. इंजिन सुरळीत चालतं आणि घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण पुराच्या बाबतीत चालू इंजिन हा फार कच्चा पुरावा आहे.

इंजिनाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते पाण्यात गाडी चालू केल्यावर किंवा चालू ठेवल्यावर. सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा आतली हवा दाबली जाते. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या वाटेने पाणी आत ओढलं गेलं असेल, तर पिस्टन अडतो आणि त्याला क्रँकशाफ्टशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा भरून मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल मारू नये, असं मेकॅनिक कळकळीने सांगतात.

पण रात्री पार्किंगमध्ये बंद उभी असलेली गाडी बुडाली, तर इंजिन फिरतच नसतं. पाणी उतरल्यावर कुणी शहाण्या माणसाने ते चालू करण्याआधी ऑइल बदललं, सिलिंडरमधलं पाणी काढलं, फिल्टर बदलले, तर ते इंजिन पुढे चांगलं चालू शकतं. जाड धातूची, तेलात न्हालेली ही वस्तू धुता येते. धुता येत नाहीत त्या वायरी, कपलर, सेन्सर आणि छोटी कंट्रोल युनिट.

गाडीतली वायर म्हणजे बारीक तांब्याच्या तारांची जुडी असते. दिव्याची वात तेल वर खेचते तशी ही जुडी पाणी प्लास्टिकच्या आवरणाखालून दूरवर ओढून नेते. बॅटरी जोडलेली असेल, तर पाण्यात बुडालेल्या टोकांमधून सूक्ष्म प्रवाह वाहत राहतो आणि गंजण्याची क्रिया वेगाने होते. तांब्यावर हिरवट-निळसर थर चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. या थराने विजेच्या वाटेत थोडासा अडथळा येतो. हेडलाइटच्या बल्बला तेवढ्याने काही फरक पडत नाही. पण इंजिनावरचे अनेक सेन्सर शून्य ते पाच व्होल्टच्या पट्ट्यात बोलतात. तिथे अर्ध्या व्होल्टची चूकसुद्धा कॉम्प्युटरला भलताच संदेश देते. मग गाडी एक दिवस चालू होत नाही, दुसऱ्या दिवशी होते. काच खाली जाते आणि वर येत नाही. चेक इंजिनचा दिवा लागतो, आपोआप विझतो, पुन्हा लागतो.

हे सगळं पूर ओसरल्यावर लगेच होत नाही. गंज सावकाश वाढतो. गाडी घेतल्यावर पहिले काही महिने बरे जातात आणि नंतर ती गॅरेजच्या चकरा सुरू करते. तोवर विकणारा हात झटकून मोकळा झालेला असतो.

गाळ: मागे राहणारा साक्षीदार

पाणी निघून जातं, वाळतं. गाळ राहतो. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात तो काळ्या मातीचा असतो. या मातीतले कण अतिशय बारीक. भिजल्यावर फुगतात, वाळल्यावर आक्रसून भेगाळतात आणि ओल धरून ठेवतात. पत्र्याच्या सांध्यात असा गाळ बसला की पावसाळी हवेत तो पुन्हा पुन्हा ओलसर होतो आणि आतून पत्रा खात राहतो. कोकणातल्या पुराचा गाळ जांभ्याच्या मातीमुळे तांबूस दिसतो. शहरातल्या पुरात गटाराचं पाणी, तेल, प्लास्टिकचे बारीक कण हे सगळं मिसळलेलं असतं. त्याची घाण फोममध्ये शिरली की धुऊन निघत नाही. खाडीकाठी आणि समुद्राजवळ भरतीचं खारं पाणी मिसळतं, आणि मीठ आलं की गंजाचा वेग अनेक पटींनी वाढतो.

म्हणून पाहायचा तो रस्त्यावरच्या धुळीपेक्षा वेगळा, वाळून पापुद्र्यासारखा झालेला, कोपऱ्यात दडून बसलेला गाळ. रस्त्यावरची धूळ वरून पडते आणि आडव्या पृष्ठभागावर बसते. पुराचा गाळ पाण्याबरोबर येतो, त्यामुळे तो कप्प्यांच्या आत, कंसांच्या खालच्या बाजूलाही चिकटलेला सापडतो, जिथे धूळ कधी पडूच शकत नाही.

तपासणी: खालून वर

पाणी खालून वर चढतं, म्हणून तपासणीही त्याच क्रमाने करावी. दिवसाउजेडी जा. इंजिन थंड असताना गाडी पाहायला मागा. सोबत टॉर्च, मोबाइलचा कॅमेरा आणि एक पांढरा रुमाल असू द्या. घाई करणाऱ्या विक्रेत्याला नम्रपणे सांगा, की मला तासभर लागेल.

*चाकांपासून उंबऱ्यापर्यंत.* या भागात पाणी लागणं म्हणजे पूर नव्हे. आपल्या रस्त्यांवर दर पावसाळ्यात एवढं पाणी प्रत्येक गाडीला लागतं. इथे एकच गोष्ट लक्षात घ्या: जुन्या गाडीच्या पोटाला नुकताच काळा कुळकुळीत रंग किंवा कोटिंग मारलेलं असेल, तर ते कशासाठी, हे विचारा.

*गालिच्याची पातळी.* खरी तपासणी इथून सुरू होते. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी मालकाच्या परवानगीने सैल करून गालिच्याची कड उचला. खालचा फोम किंवा नमदा हाताने दाबा. वरचा गालिचा वाळतो, खालचा थर फार काळ ओल धरतो. पांढरा रुमाल दाबून पाहा. त्यावर मातकट डाग आला, तर त्याचं कारण शोधायला हवं. सीट पुढे-मागे सरकवून खालचे रूळ, स्प्रिंगा आणि फ्लोअरला आवळलेले बोल्ट टॉर्च टाकून पाहा. बोल्टांच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा असतील, तर सीट काढलेल्या आहेत. सीट काढायला दुसरं कारणही असू शकतं, पण प्रश्न विचारायला एवढं पुरे आहे.

बहुतेक गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट याच पातळीवर, मधल्या कन्सोलखाली बसवलेलं असतं. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत चालकाच्या बाजूची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे आज बाजारात येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांत हे युनिट आहे. गाडीच्या आत घोट्याएवढं पाणी आलं तरी ते भिजू शकतं. चावी ‘ऑन’ केली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो विझलाच नाही, तर यंत्रणेत दोष आहे. तो लागलाच नाही, तर आणखी वाईट: दोष झाकण्यासाठी दिवाच तोडलेला असू शकतो. एबीएस, चेक इंजिन, ऑइल, बॅटरी या दिव्यांनाही हीच कसोटी लावा. चावी फिरवल्यावर कोणते दिवे लागतात आणि कधी विझतात, याचा व्हिडिओ काढून ठेवा.

*डिकी.* स्टेपनी बाहेर काढा. तिच्या खालची वाटीसारखी जागा गाडीतल्या सर्वांत खोल भागांपैकी एक असते, आणि वरवर सफाई करणारे लोक ती विसरतात. तिथे गाळाचा थर, गंजलेला जॅक, पान्यावर तांबूस पूड, रबरी बुचाभोवती वाळलेली माती असं काही आहे का, पाहा. मागच्या दिव्यांच्या पाठीमागचं आवरण काढून आत टॉर्च टाका. दिव्याच्या काचेत आतून मातकट आडवी रेघ दिसली, तर तिची जमिनीपासूनची उंची लक्षात ठेवा.

*सीटची पातळी.* सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. रोजच्या वापरात बेल्टचा काही भागच बाहेर येतो; उरलेला दोन दारांमधल्या खांबाच्या तळाशी, गुंडाळीत राहतो. पाणी तिथवर आलं असेल, तर त्या न धुतलेल्या भागावर डागाची कड दिसते, पट्टा कडक लागतो, त्याला कुबट वास येतो. आठ वर्षं जुन्या गाडीचे चारही बेल्ट कोरे करकरीत असतील, तर त्यांच्यावरच्या चिठ्ठीवरची तारीख आणि गाडीच्या उत्पादनाची तारीख जुळवून पाहा. बेल्ट सोडल्यावर तो झपकन आत गेला पाहिजे आणि हिसडा दिल्यावर अडकला पाहिजे. हा बेल्ट तुमच्या मुलाबाळांना धरून ठेवणार आहे. तिथे तडजोड नको.

प्रत्येक दाराची काच पूर्ण खाली घ्या, पूर्ण वर करा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. त्यांत गाळ घट्ट बसलेला आहे का, काडीने पाहा. स्पीकरचा आवाज फाटतो का, ऐका.

*डॅशबोर्डची पातळी.* इथवर पाणी चढलं असेल, तर ती गाडी कोणत्याही किमतीला घेऊ नये. गुडघ्यावर बसून स्टिअरिंगखाली, पेडलच्या वर टॉर्च टाका. तिथले लोखंडी कंस अनेकदा रंगवलेले नसतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. त्यांच्यावर सारखा पसरलेला गंज आतून कोरड्या राहिलेल्या गाडीला शोभत नाही. फ्यूज बॉक्स उघडा. फ्यूजच्या पायांवर हिरवट थर आहे का? ग्लव्ह बॉक्स रिकामा करून त्याच्या मागचा एसीचा फिल्टर काढून दाखवायला सांगा. शेवटी सगळ्या काचा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगात सोडा, आधी बाहेरची हवा घेऊन, मग आतली फिरवून. पुराचा कुबट वास एसीच्या नळ्यांत आणि फोममध्ये मुरतो. गाडीत शिरताच उग्र सुगंध नाकात गेला, तर खाली उतरा, दारं उघडून पंधरा मिनिटं थांबा, मग पुन्हा दारं लावून बसा.

बॉनेटखाली आणि रस्त्यावर

ऑइलची पट्टी काढा. तेल दुधाळ, फेसाळ दिसत असेल, तर त्यात पाणी आहे. ऑइलच्या झाकणाखाली थोडासा पांढरट थर असेल, तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात आणि थंडीत फक्त छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ओल जमून असा थर येतो. पट्टीवरचं तेल मात्र स्वच्छ हवं. एअर फिल्टरचा डबा उघडा. कागदी फिल्टर नवा असू शकतो, पण डब्याच्या तळाशी आणि कोपऱ्यांत मातीची रेघ उरते का, पाहा. अल्टरनेटरच्या पंखाच्या फटींत, वायरिंगच्या नळीतल्या वळणांत, हेडलाइटच्या मागे टॉर्च फिरवा. एकदोन कपलर मेकॅनिककडून उघडून घ्या. त्यांच्या आतल्या पिना चकचकीत असल्या पाहिजेत.

थंड इंजिन चालू करा आणि दोन मिनिटं फक्त ऐका. रॉड जरासा वाकलेला असेल, तर इंजिन चालतं, पण आतून ठोक्यासारखा आवाज येऊ शकतो. गाडी किमान अर्धा तास चालवा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग हळूहळू वाढवत नेताना चाकांच्या बेअरिंगमधून घरघर येते का? ऑटोमॅटिक गाडी असेल, तर गिअर बदलताना धक्का बसतो का? त्या गिअरबॉक्सच्या तेलात पाणी गेलेलं असेल, तर आतल्या घर्षणाच्या पट्ट्या खराब होतात आणि दुरुस्ती फार महाग पडते.

मेकॅनिककडे स्कॅनर असेल, तर तो लावायला सांगा. ‘यू’ अक्षराने सुरू होणारे कोड म्हणजे कंट्रोल युनिटांची आपसातली बोलणी तुटत आहेत. असे अनेक कोड एकत्र दिसले, तर वायरिंगवर संशय घ्यावा. एकही कोड नाही, पण ते कोड नुकतेच पुसले आहेत, असंही स्कॅनर दाखवू शकतो: कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हा आकडा त्यात असतो. तो जर दहा-वीस किलोमीटर असेल, तर काल-परवा कुणीतरी काहीतरी पुसलं आहे. बॅटरी बदलली तरी असं होतं; तसं सांगितलं, तर बॅटरीचं बिल पाहायला मागा.

इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बॅटरीच्या पेटीवर ‘आयपी ६७’ लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ ती एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकते. पुराचं पाणी अर्ध्या तासात ओसरत नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांना काही दिवसांनी आपोआप आग लागल्याच्या घटना अमेरिकेत २०२२ च्या ‘इयान’ चक्रीवादळानंतर फ्लोरिडात घडल्या. अशा गाडीची बॅटरी कंपनीच्या अधिकृत केंद्रात तपासून लेखी अहवाल घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

एक खूण पुरावा होत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. वर सांगितलेल्या प्रत्येक खुणेला निर्दोष कारण असू शकतं. रत्नागिरी-मालवणकडच्या गाडीवर खाऱ्या हवेने गंज चढतो. एसीचं पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली, तर पुढच्या डाव्या सीटसमोरचा गालिचा ओला होतो. समोरच्या काचेचं रबर फुटलं, तर डॅशबोर्डखाली पाणी उतरतं. डिकीचं रबर गेलं, तर स्टेपनीच्या जागेत पाणी साचतं. या कारणांवरून एखाद्या प्रामाणिक माणसाला फसवणूक करणारा ठरवणं बरं नाही.

फरक ओळखायचा तो उंचीवरून. गळतीचं पाणी वरून येतं आणि एका जागी, एका बाजूला साचतं. खारी हवा गाडी सगळीकडून, वरखाली सारखीच गंजवते. पूर मात्र पाण्याची सपाटी घेऊन येतो. त्यामुळे डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना, ठरावीक उंचीपर्यंत खुणा सापडतात आणि त्या उंचीच्या वर काहीच सापडत नाही. मागच्या दिव्यातली रेघ, बेल्टवरचा डाग, सीटच्या चौकटीवरचा गंज आणि एअर फिल्टरच्या डब्यातली माती हे चारही जमिनीपासून जवळपास सारख्या उंचीवर येत असतील, तर योगायोग संपला. गाडी उतारावर उभी असताना बुडाली असेल, तर ही रेषा पुढून मागे तिरकी असू शकते, पण ती सरळच असते.

म्हणून प्रत्येक संशयास्पद खुणेची उंची मोजून कागदावर लिहा. साधी टेप पुरते. अनुभवी मेकॅनिकही अनेकदा एकेका खुणेवर निकाल देतात. कागदावरचे आकडे जुळवले की नवख्या माणसालाही निकाल दिसतो.

दुसरी कसोटी विसंगतीची. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालं आहे, स्टिअरिंगचं कातडं चमकतं आहे, पण गालिचा, सीटचे फोम आणि छोटे प्लास्टिकचे क्लिप नवे आहेत. झिजणाऱ्या वस्तू जुन्या आणि न झिजणाऱ्या नव्या, असं उलटं चित्र दिसलं, तर काहीतरी घडून गेलं आहे.

कागद काय सांगतात

आरसीवर पूर नसतो, पण पुराच्या आसपास फिरणारी माहिती कागदांत असते. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा हे दिसतं. नोंदणी कुठली आणि त्या गावात त्यानंतर कधी पूर आला, हे जुळवून पाहा. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच १० सांगली, एमएच ०८ रत्नागिरी. या नंबरांवरून गाडीला दोषी ठरवू नका. त्या जिल्ह्यांतल्या बहुसंख्य गाड्या कधीच बुडालेल्या नाहीत. नंबरवरून फक्त एवढं कळतं, की कोणत्या महिन्यांची नोंद बारकाईने पाहायची.

ती नोंद अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये असते. मालकाला सोबत घेऊन तिथे जा आणि पूर्ण सर्व्हिसिंगचा इतिहास मागा. पुराच्या महिन्यानंतर लगेच सगळी ऑइलं एकदम बदललेली, वायरिंग किंवा कंट्रोल युनिट बदललेलं, किंवा उलट नियमित येणारी गाडी पुरानंतर कधी आलीच नाही, या दोन्ही गोष्टी बोलक्या आहेत.

विम्याची जुनी पॉलिसीही पाहा. क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यातल्या मालकाच्या नुकसानीच्या भागावर सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एकाच मालकाकडे पाच वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीत ही सूट शून्य दिसली, तर नजीकच्या काळात क्लेम झालेला असू शकतो. कशाचा क्लेम, हा प्रश्न सरळ विचारता येतो.

विचारा, आणि लिहून घ्या

आपल्याकडे असे प्रश्न विचारायला संकोच वाटतो. ओळखीतून गाडी येते, समोरचा वयाने मोठा असतो, चहा झालेला असतो. तरीही “ही गाडी कधी पुराच्या पाण्यात गेली होती का?” हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारलाच पाहिजे, आणि त्यामागे कायद्याचं कारण आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ नुसार नुसतं गप्प राहणं ही सर्वसाधारणपणे फसवणूक ठरत नाही. जाणूनबुजून खोटं सांगणं ठरतं. कलम १९ म्हणतं, की फसवणुकीने मिळवलेल्या संमतीचा करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. पण विकणारा फक्त गप्प राहिला असेल आणि साधी काळजी घेऊन घेणाऱ्याला सत्य कळण्यासारखं असेल, तर ती सवलत मिळत नाही. म्हणजे तुम्ही विचारलं नाही आणि पाहिलंही नाही, तर कायदा तुमच्यासाठी फारसं करू शकत नाही.

म्हणून सौदापावतीवर एक ओळ लिहून, सही घेऊन ठेवा: “माझ्या माहितीप्रमाणे ही गाडी कधीही पुराच्या पाण्यात बुडालेली नाही आणि तिचा पुराचा विमा क्लेम झालेला नाही.” मालक पहिलाच असेल, तर ‘माझ्या माहितीप्रमाणे’ हे शब्दही काढून टाका. डीलरकडून घेत असाल, तर पुढे तक्रारीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खालचा ग्राहक आयोग आहे, आणि तिथे ही ओळ तुमचा सर्वांत मोठा आधार ठरेल. अनेकदा ती वापरायची वेळच येत नाही. ज्याला माहीत आहे, तो सही करताना अडखळतो.

सांगून विकलेली भिजकी गाडी

पुरात गाडी बुडणं हा मालकाचा गुन्हा नाही. ज्यांच्या घरात छातीएवढं पाणी चढलं, त्यांनी आधी माणसं वाचवली, गाडी नंतर. अशा कुटुंबाला ती गाडी विकून चार पैसे उभे करायचे असतील, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाणी गालिच्यापर्यंतच आलं होतं, पाणी गोडं होतं, लगेच उतरलं, गाडी बंद होती, दुरुस्तीची बिलं आहेत, काय बदललं आणि काय राहिलं याची यादी आहे, असं कोणी मोकळेपणाने सांगत असेल, तर चांगल्या मेकॅनिकला सोबत नेऊन ती गाडी पाहायला हरकत नाही. मात्र एअरबॅगचं युनिट आणि सीट बेल्ट नवे बसवलेले हवेत आणि किंमत भिजलेल्या गाडीची हवी, कारण ती पुढे विकताना तुम्हालाही हेच सांगायचं आहे. पाणी सीटच्या वर गेलं असेल किंवा खारं असेल, तर मालक कितीही सज्जन असला तरी नकार द्या.

लपवून विकणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो वाचवतो ते काही हजार रुपये, आणि त्या बदल्यात एका अनोळखी कुटुंबाच्या हाती देतो अशी गाडी, जिची एअरबॅग अपघाताच्या क्षणी उघडेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नाही. हे नुकसान कोणत्याही बिलात दिसत नाही. त्यामुळे गालिचा उचलायला, बेल्ट ओढायला, स्टेपनी काढायला जो विक्रेता हरकत घेतो, त्याच्याकडे किंमत कमी करून मागू नका. त्याची गाडी घेऊ नका.